ढोरांचे डॉक्टर आणि माणसांचा ताप

ढोरांच्या डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका म्हशीची माफी मागत होते. सुई शिरेत न बसता बाजूला गेली होती. म्हैस उसळली तसे ते मागे सरले आणि म्हणाले, "चूक माझी आहे, बाईसाहेब. आता पुन्हा एकदाच. जरा मान इकडे करता का?" म्हशीचा मालक दावं धरून उभा होता. त्याच्याकडे वळून हेच डॉक्टर म्हणाले, "अरे, घट्ट धर की. झोपलास का उभ्या उभ्या?"

जनावरांना अहो आणि माणसांना अरे, असा त्यांचा नेम होता. मलाही ते पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत. कारण विचारलं तर म्हणायचे, "माणूस आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगतो, वर चार खोट्या गोष्टीही सांगतो. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी अदबीनं वागावं लागतं. नाहीतर ते लाथ मारतं." पंचायत समितीचे सभापती एकदा आपला बैल घेऊन आले, तेव्हा बैलाला 'या' आणि सभापतींना 'ये' असं स्वागत झालं. सभापती ते बरेच दिवस विसरले नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या तोंडावर मी खर्ड्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात रुजू झालो. माझा दवाखाना आणि जनावरांचा दवाखाना यांच्यात एकच भिंत होती. गावात मी माणसांचा डॉक्टर आणि ते ढोरांचे डॉक्टर. नावानं आम्हाला कोणीच ओळखत नसे. ते पंचेचाळिशीच्या पुढचे, उंच आणि काटकुळे होते. एकटेच राहत. त्यांच्या सगळ्या शर्टांना डावी बाही असे, उजवी नसे. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, तेव्हा उजवी बाही दुमडत बसण्यापेक्षा ती शिवूच नये, असं त्यांनी खर्ड्याच्या शिंप्याला समजावून सांगितलं होतं. थंडीतही ते तसेच हिंडत. नवीन माणसाला वाटे, यांच्या हाताला काहीतरी झालं असावं.

हात धुणं हा त्यांचा दुसरा कार्यक्रम. बादलीत कार्बोलिक टाकून ते खांद्यापासून नखांपर्यंत हात घासत आणि तोंडानं एकोणतीसचा पाढा म्हणत. पाढा संपल्याशिवाय हात बाहेर येत नसे. मध्येच कोणी काही विचारलं तर पाढा पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे त्यांच्या दवाखान्यात बादली दिसली की लोक आपोआप गप्प होत.

लोकांना खरा राग यायचा तो त्यांच्या दूध तपासण्याचा. कोणाच्या घरी गेले की ते बसायच्या आधी विचारत, दूध उकळलं का? हो म्हटलं तर म्हणत, वर आलं होतं का? तेवढ्यावर समाधान झालं नाही तर सरळ चुलीपाशी जाऊन पातेल्यात डोकावत. बाया पदर सावरून बाजूला होत. धारोष्ण दूध अंगाला लागतं, असं मानणारा तो मुलूख. पाहुण्याला कासेखालून आणलेला पेला देणं हा मान. तो पेला ते हातात घेत आणि सगळ्यांदेखत चुलीवरच्या भांड्यात ओतत. पुष्कळ घरांनी त्यांना चहाला बोलावणं सोडून दिलं होतं. त्यांना त्याचं काही वाटल्याचं मला कधी दिसलं नाही. स्वतः ते गुळाचा कोरा चहा पीत.

आणखी एक गोष्ट होती, तिला मी आधी त्यांचा विक्षिप्तपणाच समजत असे. एखादी गाय गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आधीच तिचा गर्भ पडला, की ते वासरू आणि त्याच्यामागून पडणारी वार खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरल्याशिवाय ते त्या मालकाच्या दुसऱ्या कुठल्याही जनावराला हात लावत नसत. जमीन दगडासारखी झालेली. लोक हे सगळं ओढ्यात टाकून मोकळे होत, कुत्री ते ओढत नेत. डॉक्टर ओढ्यात जाऊन ते शोधून आणत, मालकाच्या अंगणात ठेवत आणि म्हणत, "हे तुझं आहे. खड्डा कुठे घेतोस?"

अधूनमधून त्यांच्या दाराला आतून कडी लागे आणि बाहेर पाटी लटके, 'डॉक्टर फिरतीवर'. फिरतीवर कुठे, ते आतच असत. ताप येई, रात्रीतून घामानं अंथरूण भिजे, कंबर धरे, आणि काही दिवसांनी आपोआप उतरे. त्याला ते 'पाहुणे आलेत' असं म्हणत. मी एकदा स्टेथोस्कोप घेऊन गेलो तर दाराआडून म्हणाले, "माणसांच्या डॉक्टरानं माणसं बघावीत. जा."

दुष्काळ वाढला तशी तळ्याच्या कोरड्या पात्रात जनावरांची छावणी उघडली. आसपासच्या गावांची गुरं तिथे दावणीला आली. कोपरगावच्या बाजूनं ट्रकमधून उसाच्या शेंड्यांचा पाला, म्हणजे वाढं, यायचं, ते खाऊन ती उभी राहायची. एवढी जनावरं एकमेकांना चिकटून, एकाच हौदावर. थोड्याच दिवसांत तिथे गाई गाभडायला लागल्या. एकीची वार पडलेली असे, शेजारची तिथलंच वाढं हुंगत असे. डॉक्टर सकाळपासून छावणीत खड्डे खणवून घेत फिरत. लोकांना रोजगार हमीच्या खडीपेक्षा त्यांचे खड्डे अवघड वाटत.

याच दिवसांत भानुदास आला. तो माझ्याकडे आला नाही, भिंतीपलीकडे गेला. हे नवीन नव्हतं. पुरुषांची नाजूक दुखणी माझ्याआधी त्यांच्याकडेच जात. बैलाचं रोज बघणाऱ्या माणसापुढे लाजायचं काय, असा हिशेब असावा. शिवाय ढोरांचे डॉक्टर कोणाला काही सांगत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. पण त्या दिवशी ते त्याला दंडाला धरून माझ्या खोलीत घेऊन आले.

भानुदास पंचविशीचा होता. जवळच्याच वाडीचा, दोन गाई आणि थोडी कोरडवाहू जमीन असलेला. महिनाभर त्याला ताप येत-जात होता, सांधे दुखत होते, आणि आता एका बाजूचं अंड लिंबाएवढं होऊन ठणकत होतं. त्याला नीट चालता येत नव्हतं. बाजारात बसणाऱ्या एका वैद्यानं पाहताक्षणी सांगितलं होतं की हा परमा आहे, बाहेरख्यालीपणाचा रोग. ते वाडीभर झालं. भानुदास आदल्या हंगामात भावाबरोबर कोपरगावकडे ऊसतोडीला गेला होता, बायकोला नेलं नव्हतं. लोकांना तेवढं पुरलं. त्यातच बायकोचं, कौसाचं, चार महिन्यांचं पोट पडलं. तिचे वडील आले आणि तिला घेऊन गेले. आता ते काडीमोड मागत होते.

"म्या कुटं बी गेलो न्हाई," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

मी त्याला तपासलं. लघवीच्या वाटे पू नव्हता, जखम नव्हती, पूर्वी कधी काही झाल्याचं सांगत नव्हता. नगरला पाठवलेलं रक्त गरमीच्या, म्हणजे उपदंशाच्या, तपासणीत साफ आलं. पेनिसिलिननं ताप हलला नाही. क्षयाची शंका मी धरून ठेवली होती. मी हे सगळं भिंतीपलीकडे जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी भानुदासला एकच प्रश्न विचारला, "तुझी गाय कधी गाभडली?"

दीड-दोन महिन्यांपूर्वी, छावणीत. वार अडकली होती. डॉक्टर पलीकडच्या टोकाला होते, म्हणून भानुदासनं स्वतःच हात घालून ती ओढून काढली होती. हाताला वाढ्याच्या पात्यांनी चिरा पडलेल्या.

माझ्या पुस्तकात या आजाराला काही ओळी होत्या. ब्रुसेला नावाचा जंतू, गाई-शेळ्यांचे गर्भ पाडणारा. माणसाला झाला तर चढउताराचा ताप, कधी यकृत-प्लीहा वाढतात, क्वचित पुरुषाच्या अंडाला सूज येते. परीक्षेपुरतं वाचलं होतं. रोगी पहिल्यांदाच बघत होतो. खात्री करायला रक्ताची एक खास तपासणी लागते, आणि ती नगरला होत नव्हती. मुंबईला पाठवलं तर उत्तर यायला पावसाळा उजाडला असता.

"पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत रोज होते," डॉक्टर म्हणाले. "पण ते माणसाचं रक्त घेणार नाहीत."

म्हणून त्यांनी ते वळूचं म्हणून पाठवलं. छावणीतल्या गाईंच्या बाटल्यांमध्ये एक बाटली भानुदासची. चिठ्ठीवर खिल्लार वळू लिहिलं, आणि वयाच्या रकान्यात पंचवीस, कारण तिथे खोटं लिहिण्याचं त्यांना सुचलं नाही. उत्तर आलं तेव्हा वयाभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं. खाली निष्कर्ष लिहिला होता : रोगाची बाधा आहे, सदर वळू प्रजननास अयोग्य, कळपातून वेगळा करावा.

मी त्याच दिवशी औषध सुरू केलं. स्ट्रेप्टोमायसिन माझ्याकडे क्षयाच्या रोग्यांपुरतंच येई, जास्तीचं नगरहून स्वतः जाऊन आणलं. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिल्या. आठवड्याभरात ताप उतरला. पण ताप उतरल्यानं बायको परत येत नाही. भानुदासनं येऊन सांगितलं की सासऱ्यानं भाऊबंद बोलावलेत, उद्या दुपारी निकाल लावणार आहेत. डॉक्टरांनी सायकल काढली. मला म्हणाले, "तू पण चल. माणसांचा डॉक्टर लागेल."

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. साठीचे, शब्दाला पक्के शेतकरी. मारुतीच्या देवळासमोर घोंगडी टाकून सात-आठ माणसं बसली होती. कौसा देवळाच्या पायरीशी आईजवळ उभी होती, पदर ओढून. मी उठून सांगितलं की हा परमा नाही, गाईपासून आलेला रोग आहे, आणि औषधानं बरा होतो. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी सरकारी मानूस," ते म्हणाले. "तुमच्यावर भरवसा हाय. पर कागुद असंल की. तेवडा दावा."

डॉक्टरांनी कागद काढून दिला. आबांच्या पुतण्यानं तो मोठ्यानं वाचला. खिल्लार वळू इथपर्यंत आला तेव्हा मागून कोणीतरी हसलं. प्रजननास अयोग्य म्हटल्यावर सगळेच हसले. भानुदास मान खाली घालून बसला होता.

आबा हसले नाहीत. "ह्यो कागुद बैलाचा हाय," ते म्हणाले. "माझ्या जावयाचा कुटं हाय?"

डॉक्टरांनी रक्त कसं पाठवलं ते सांगायला सुरुवात केली, पण ते जितकं सांगत गेले तितकं ते बनवल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी ते थांबले. कागद परत घेऊन घडी केली आणि खिशात ठेवला. मग ते घोंगडीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"कागद जाऊ द्या. मला स्वतःला हे झालेलं आहे," ते म्हणाले. "याच जागी. याच्यासारखंच. नोकरीला लागलो त्या वर्षी, वार काढताना. तेव्हा मला कळलं नाही काय झालंय, आणि कळलं तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोचं दोनदा पोट पडलं. लोक जे याच्याबद्दल बोलतात तेच माझ्याबद्दल बोलले. सासरे आले आणि तिला घेऊन गेले. त्यांनी मला काही विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, लाज वाटली म्हणून. तुम्ही निदान विचारताय. म्हणून सांगतोय."

त्या बिनबाहीच्या हाताकडे सगळे बघत होते, जणू तिथेच काही लिहिलेलं असावं.

आबांनी विचारलं, "तुमाला पोरंबाळं?"

"नाहीत."

"मग ह्याला हुतील?"

"याला औषध वेळेवर मिळालंय. याला होतील."

हे असं खात्रीनं सांगता येत नाही, हे मला माहीत होतं.

मग डॉक्टर कौसाकडे वळले. मी त्यांना माणसाशी असं बोलताना पहिल्यांदा ऐकत होतो. "बाई, तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. तुम्ही सांगता का? गाय गाभडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

कौसानं आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

"तिथंच हुते," ती म्हणाली. "ह्येंनी वार वडली, म्या शेपूट धरून बसल्ते. समदं अंगावर आलं. तवापासनं मला बी ताप येतोय. कोनाला बोलले न्हाई." मग तिनं मला विचारलं, "डागतर, मला बी त्येच झालं असंल, तर माझं पोट कशानं पडलं?"

मी सांगितलं की त्यानंच पडलं असण्याचा संभव आहे. रक्त बघावं लागेल.

"मग दवा मला बी लागंल," ती बापाला म्हणाली. "ती हितं मिळत न्हाई. मला घरी जाऊ द्या."

आबा उठले. घरी जाऊन तिचं गाठोडं घेऊन आले आणि ते भानुदासच्या हातात दिलं नाही, माझ्या सायकलला स्वतः बांधलं. जावयाकडे त्यांनी त्या दिवशी पाहिलं नाही. पण अडवलंही नाही.

पुण्याला तशाच चिठ्ठीनं पाठवलेल्या कौसाच्या रक्तातही बाधा निघाली. दोघांनी एकाच वेळी औषध घेतलं. ती सुया टोचून घ्यायला रोज चालत यायची, आणि नवऱ्याला यायला उशीर झाला तर त्याच्यावर डाफरायची. भानुदासची सूज ओसरली. ते अंड मात्र पुढे आकसलं, दुसरं शाबूत राहिलं. मी तिथून बदलून जायच्या आधी त्यांना मुलगी झाली.

डॉक्टरांना त्या दुपारची किंमत मोजावी लागली. काही घरांनी त्यांचा पेला वेगळा ठेवला. चहाच्या टपरीवर ते येताना दिसले की बोलणं बदलायचं. एका जत्रेत टवाळ पोरांनी त्यांच्या मागून वळूसारखं हंबरून दाखवलं. त्यांनी वळून त्या पोरांना आवाज बरोबर कसा काढायचा ते शिकवलं. उलट दुसरीकडे असं झालं की गाय गाभडली की लोक न सांगता खड्डा खणायला लागले. सांगून जे होत नव्हतं ते भीतीनं झालं. डॉक्टरांना कारणाशी देणंघेणं नव्हतं.

या सगळ्याची बातमी फिरत फिरत नेवाशापर्यंत, डॉक्टरांच्या सासुरवाडीपर्यंत गेली. पावसाळा लागल्यावर एक दिवस एक प्रौढ गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. ढोरांच्या डॉक्टरांचे मेहुणे, बायकोचे धाकटे भाऊ. मी त्यांना पलीकडे घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, लोक सांगतात ते खरं का? डॉक्टर म्हणाले, खरं. मेहुण्यांनी सांगितलं की वडील आता नाहीत, बहीण तिकडेच प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, तिनं पुन्हा लग्न केलं नाही. डॉक्टरांनी मान हलवली. मेहुणे उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, "तिला विचार, मधूनमधून ताप येतो का. येत असेल तर इथे या डॉक्टरकडे आण. नसेल येत तरी आण."

त्या आल्या. जाड काठाचं पांढरं लुगडं, हातात शाळेची पिशवी. भावानं फारच धरलं म्हणून आले, म्हणाल्या. ताप वगैरे काही नव्हता. मी रक्त घेतलं. डॉक्टर त्या दिवशी सकाळीच लांबच्या एका वस्तीवर निघून गेले होते, जिथे त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. बाईंनी त्यांची चौकशी केली नाही. दंडावरचा कापूस दाबून धरत त्यांनी एवढंच विचारलं, "त्या गावात ते सगळ्यांसमोर बोलले, हे तुम्ही ऐकलंत?"

मी हो म्हणालो.

"मला नव्हते बोलले," त्या म्हणाल्या, आणि दुपारच्या गाडीनं गेल्या.

या वेळी मी मुंबईलाच रक्त पाठवलं. उत्तर यायला बराच वेळ लागला. ते घेऊन मी भिंतीपलीकडे गेलो तेव्हा डॉक्टर एका बैलाच्या खुराला पट्टी बांधत होते. रक्तात काही निघालं नाही, असं मी सांगितलं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी गाठ मारली, बैलाचा पाय हळूच खाली ठेवला आणि ओट्यावर बसले. मालक बैल घेऊन गेला तरी ते उठले नाहीत.

"म्हणजे ती दोन्ही पोरं माझ्यामुळे गेली नव्हती," ते म्हणाले.

इतक्या वर्षांनी रक्तात जुन्या दुखण्याची खूण उरतेच असं नाही. आज ते साफ आहे म्हणून तेव्हाही साफ होतं, असा त्याचा अर्थ होत नाही. हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. तरी ते माझ्याकडे बघत राहिले, एखाद्या रोग्यानं बघावं तसे.

"नाही," मी म्हणालो. "तुमच्यामुळे नाही."